ज्योती भट्ट : चित्रकार, छायाचित्रकार आणि शिक्षक

भारतातील बहुतेक प्रांतांत घराच्या उंबऱ्यापुढे किंवा अंगणात चित्रे काढण्याची रीत आहे. महाराष्ट्रात तिला रांगोळी म्हणतात, राजस्थानात मांडणा, बिहारमध्ये अरिपन, बंगालमध्ये आलपना, ओडिशात झोटी, आंध्रात मुग्गू आणि तमिळनाडूत कोलम. नावे निराळी आणि साहित्यही निराळे असले, तरी एक गोष्ट सर्वत्र सारखी आढळते. हे चित्र टिकावे अशी ते काढणाऱ्या स्त्रीची अपेक्षा नसते. तमिळ घरापुढील पहाटेचा कोलम दुपारपर्यंत पायांखाली फिसकटतो, त्यातील तांदळाचे पीठ मुंग्या आणि पाखरे खाऊन जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा कोलम उमटतो. दिवाळीच्या वेळी काढलेला मांडणा त्याहून अधिक काळ राहतो. पण पुढच्या सारवणाखाली तोही जातो. भिंतीवरील चित्रांचे आयुष्य आणखी थोडे मोठे असते, इतकेच.

जोवर दर वर्षी नवे चित्र काढणारे हात घरोघर तयार होत होते, तोवर जुने चित्र पुसले जाण्यात कोणाचे नुकसान नव्हते. मुलगी आईच्या शेजारी बसून शिकत असे आणि सासरी जाताना ती कला बरोबर नेत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही साखळी ठिकठिकाणी सैल होऊ लागली. मातीच्या भिंतींची जागा विटा आणि सिमेंट यांनी घेतली, अंगणे आखडली, छापील चित्रे स्वस्त झाली. पुसलेल्या चित्राच्या जागी नवे चित्र येईलच, ही खात्री उरली नाही. अशा काळात ही चित्रे जागेवर जाऊन पाहण्याचे आणि त्यांची नोंद करून ठेवण्याचे काम ज्या थोड्या व्यक्तींनी अंगावर घेतले, त्यांत बडोद्याचे कलाशिक्षक ज्योती भट्ट यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

भट्ट हे मुळात छायाचित्रकार नव्हेत. चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणून त्यांचे शिक्षण झाले आणि याच क्षेत्रांत त्यांना प्रथम मान्यता मिळाली. कॅमेरा त्यांच्या हाती एका कामापुरता आला आणि मग आयुष्यभर राहिला. स्वतःची चित्रे काढण्याचा पुष्कळसा वेळ एका कलावंताने अनोळखी स्त्री-पुरुषांनी काढलेल्या चित्रांना का द्यावा, आणि त्या देण्यातून एक शिक्षक म्हणून त्याने काय साधले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या वाटचालीकडे पाहिले पाहिजे.

भावनगर ते बडोदे

ज्योतींद्र मनशंकर भट्ट यांचा जन्म १२ मार्च १९३४ रोजी सौराष्ट्रातील भावनगर येथे झाला. त्या काळी भावनगर हे एका संस्थानाच्या राजधानीचे गाव होते, आणि शिक्षणातील नव्या प्रयोगांसाठी ते गुजरातभर ओळखले जात होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली येथेच दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. मुलाला पाठांतराऐवजी हातांनी आणि डोळ्यांनी शिकू द्यावे, हा विचार या गावाच्या परिचयाचा होता. गावाबाहेर पडताच सौराष्ट्राचे ग्रामजीवन सुरू होई. दारावरची मण्यांची तोरणे, भरतकामाचे चाकळे आणि स्त्रियांच्या हातांवरील व गळ्यावरील गोंदण या गोष्टी तेथे नित्याच्या होत्या. लहानपणी सहज डोळ्यांखालून गेलेली ही आकृतींची दुनिया पुढे भट्ट यांच्या कामात पुन्हा पुन्हा प्रकट झाली.

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली आणि पुढच्याच वर्षी त्यात ललितकला विद्याशाखा सुरू झाली. बडोद्याला कलाशिक्षणाची परंपरा त्यापूर्वीही होती. सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली तेथे कलाभवन सुरू केले होते. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते याच संस्थेत. गायकवाडांच्या स्मारकमंदिरात, म्हणजे कीर्तिमंदिरात, नंदलाल बोस यांनी भित्तिचित्रे रंगवली होती. तरीही नव्या विद्याशाखेचे वेगळेपण स्पष्ट होते. येथे कलेचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीशी जोडले गेले, आणि रेखाटन व रंगकाम यांच्या बरोबरीने कलेचा इतिहास आणि कलाविचार यांनाही अभ्यासक्रमात स्थान मिळाले.

या विद्याशाखेच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी भट्ट हे एक होत. चित्रकला विभागाचे प्रमुख नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांचे शिक्षक. इंदूरचे बेंद्रे रंगांवरील प्रभुत्वासाठी प्रसिद्ध होते, आणि विद्यार्थ्यांनी आपल्यासारखी चित्रे काढावीत असा त्यांचा आग्रह नसे. शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन हे दुसरे शिक्षक. ग्रामीण कारागिराचे काम आणि शहरी कलावंताचे काम यांमध्ये आपण जी भिंत उभी करतो ती कृत्रिम आहे, असा त्यांचा विचार होता. खेळणी, विणकाम, मातीकाम यांकडे ते चित्रकलेइतक्याच गांभीर्याने पाहत. राजस्थानातील वनस्थळी विद्यापीठात भट्ट यांनी भित्तिचित्रणाचे पारंपरिक तंत्रही आत्मसात केले. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावून तो घोटण्याची ही जयपुरी पद्धती आहे. भिंत हाही चित्राचा एक सजीव पृष्ठभाग असतो, हा धडा त्यांना अशा रीतीने कामातूनच मिळाला.

१९५६ साली बडोद्यातील तरुण कलावंतांनी ‘बरोडा ग्रूप ऑफ आर्टिस्ट्स’ हा गट स्थापन केला. त्याच्या संस्थापकांत भट्ट होते. १९५९ पासून ते आपल्याच विद्याशाखेत शिकवू लागले. पुढे १९६३ साली दिल्लीच्या ललित कला अकादमीत ‘ग्रूप १८९०’ या नावाने बारा कलावंतांचे एकच पण बरेच गाजलेले प्रदर्शन झाले. पंडित नेहरू यांनी त्याचे उद्घाटन केले होते, आणि त्या वेळी भारतात मेक्सिकोचे राजदूत असलेले कवी ऑक्टाव्हियो पास यांनी त्याच्या पुस्तिकेसाठी लिहिले होते. जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, गुलाम मोहम्मद शेख, हिम्मत शाह, राघव कनेरिया आणि अकोल्यात जन्मलेले आंबादास यांच्यासह भट्टही त्या बारांत होते. तिशीच्या आत एका तरुण चित्रकाराला याहून अधिक काय हवे असते, असे कोणालाही वाटावे.

पत्रा, आम्ल आणि उलटी अक्षरे

१९६०च्या दशकाच्या आरंभी भट्ट इटलीतील नेपल्सच्या कला अकादमीत राहून आले आणि १९६४ ते १९६६ या काळात फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मुद्राचित्रणाचा सखोल अभ्यास केला. या तंत्राचा त्यांच्या पुढील कार्याशी निकटचा संबंध असल्याने त्याचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

प्रथम तांब्याच्या किंवा जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारख्या आम्लरोधक द्रव्याचा पातळ थर देतात. त्या थरातून सुईने चित्र कोरले की रेघांपुरता धातू उघडा पडतो. पत्रा आम्लात ठेवला असता उघडा भाग खाल्ला जाऊन तेथे बारीक चर तयार होतात. मग थर काढून चरांत शाई भरतात, वरचा पृष्ठभाग कापडाने स्वच्छ पुसतात, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा जड रुळांच्या यंत्राखालून काढतात. दाबामुळे चरांतील शाई कागदावर येते. एका पत्र्यावरून अशा अनेक प्रती निघतात, आणि चित्र मात्र पत्र्यावर काढले त्याच्या उलट, आरशातल्यासारखे उमटते.

१९६६ साली परतल्यावर भट्ट यांनी हे तंत्र बडोद्यात उत्साहाने रुजवले. त्यांच्यामुळे इतर अनेक चित्रकारही मुद्राचित्रणाकडे वळले आणि बडोदे हे या कलेचे देशातील एक प्रमुख केंद्र बनले. त्यांच्या स्वतःच्या मुद्राचित्रांत मोर, पोपट, देवी, झाड, डोळे यांसारख्या ओळखीच्या आकृतींची गर्दी असते. त्यांच्या मधून गुजराती अक्षरे धावतात, कधी सुलटी, कधी उलटी. ‘कल्पवृक्ष’ हे १९७२ सालचे चित्र या शैलीचे परिचित उदाहरण आहे. या आकृती गोंदणातून आणि भरतकामातून आलेल्या आहेत हे सहज ओळखू येते. त्यांची मांडणी मात्र एका शहरी, विनोदबुद्धी असलेल्या, स्वतःकडेही मिस्किलपणे पाहणाऱ्या कलावंताची आहे.

पत्रा आणि निगेटिव्ह यांच्यात एक साम्य आहे. दोहोंतही मूळ वस्तू उलटी असते, तिला स्वतःला भिंतीवर टांगत नाहीत, आणि तिच्यापासून अनेक प्रती काढता येतात. एकमेव मूळ चित्राचे जे महत्त्व रंगचित्राच्या जगात असते, ते येथे नसते. प्रती काढणे आणि त्या पुष्कळांच्या हाती पोहोचवणे यांत कमीपणा नाही, अशी वृत्ती मुद्राचित्रकाराच्या अंगी आपोआप बाणते. भट्ट छायाचित्रणाकडे वळले तेव्हा ही वृत्ती त्यांच्यात आधीच तयार होती.

कॅमेरा हाती येतो

१९६७ साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे गुजरातच्या लोककलांवर परिसंवाद व्हावयाचा होता. त्यासाठी छायाचित्रे काढण्याचे काम भट्ट यांच्याकडे आले. या कामाच्या निमित्ताने खेड्यांतून हिंडताना त्यांच्या लक्षात आले की, लहानपणी सर्वत्र दिसणाऱ्या वस्तू आता शोधाव्या लागतात. परिसंवाद पार पडला, पण काम थांबले नाही. सुट्ट्यांमध्ये, मिळतील त्या साधनांनी, प्रथम गुजरातमधील आणि मग राजस्थान, मध्य प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा व दक्षिणेकडील खेड्यांत ते जात राहिले. काही प्रवासांत शिल्पकार राघव कनेरिया हे त्यांचे सोबती होते. कनेरिया हेही सौराष्ट्रातले, बडोद्यात शिल्पकला शिकवणारे आणि स्वतः उत्तम छायाचित्रे काढणारे.

या प्रवासांत त्यांनी कोणत्या प्रकारच्या कला पाहिल्या याची कल्पना काही उदाहरणांवरून येईल. राजस्थानच्या सवाई माधोपूर आणि टोंक भागांत मीणा समाजाच्या स्त्रिया तांबड्या मातीने सारवलेल्या भिंतीवर पांढऱ्या खडूमातीने मोर, वाघ, मांजर आणि त्यांच्या पोटातील पिले रंगवतात. त्यांची साधने म्हणजे बोट आणि कापसाचा किंवा केसांचा एक बोळा. ओडिशात मार्गशीर्षातील गुरुवारी लक्ष्मीच्या स्वागतासाठी तांदळाच्या पिठाच्या पाण्याने भिंतींवर धान्याची कणसे आणि उंबऱ्यापासून आतपर्यंत पावले काढतात. कच्छमध्ये मातीच्या गोल घरांत भिंतींवर चिखलाची उठावदार नक्षी करून तीत आरशांचे तुकडे बसवतात. रात्री एक दिवा लावला तरी सारे घर चमकते.

बडोद्याच्या पूर्वेस छोटा उदेपूर भागात राठवा आदिवासी राहतात. त्यांच्या घरांत नवस फेडण्यासाठी पिठोरो देवाचे चित्र काढतात. हे काम पुरुषांचे असते. लखारा नावाचे चित्रकार घराच्या मधल्या भिंतीवर घोड्यांची मिरवणूक रंगवतात, आणि बडवो म्हणजे भगत ते चित्र ‘वाचून’ त्यात सर्व देव योग्य जागी आले आहेत की नाहीत हे सांगतो. चित्र पुरे झाल्याशिवाय आणि ते मान्य झाल्याशिवाय विधी पूर्ण होत नाही. येथे चित्र ही घराची शोभा नव्हे; ती एक फेडलेली वाणी आहे.

गोंदणाची गोष्ट तर आणखी निराळी. सौराष्ट्रातील मेर किंवा रबारी समाजातील वृद्धेच्या हातांवर आणि मानेवर जी चित्रे असतात, ती तिच्याबरोबरच चितेवर जातात. ती भिंतीसारखी पुन्हा रंगवता येत नाहीत आणि संग्रहालयात आणून ठेवता येत नाहीत. त्यांची नोंद हवी असेल तर ती त्या स्त्रीच्या हयातीतच आणि तिच्या संमतीनेच होऊ शकते.

थोडे मागे सरून उभे राहणे

लोककलेची छायाचित्रे पूर्वीही काढली जात. त्यांचा हेतू बहुधा नक्षीचा नमुना मिळवणे एवढाच असे. छायाचित्रकार भिंतीच्या जवळ जाई, समोरची माणसे बाजूला करी, आणि चौकटीत केवळ आकृती घेई. पुस्तकात छापण्यास असे चित्र सोयीचे असते. परंतु त्यावरून ते चित्र किती उंचीवर होते, त्याच्या शेजारी दार होते की कोनाडा, ते काढणारीचा हात कोठवर पोहोचत होता, हे काहीच समजत नाही.

भट्ट यांची पद्धत वेगळी आहे. ते थोडे मागे सरून उभे राहतात. त्यामुळे चौकटीत मांडण्याबरोबर दारात उभी असलेली बाई येते, कडेवरचे मूल येते, अंगणात बांधलेले जनावर येते, भिंतीला टेकवलेली खाट आणि पाण्याची भांडीही येतात. रंगवलेला मोर आणि त्याच्यापुढे उभी असलेली मुलगी एकाच उजेडात दिसतात. असे छायाचित्र पाहताना दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, हे चित्र राहत्या घराचा भाग आहे. दुसरी म्हणजे, ते काढणारी व्यक्ती हयात आहे, तिला चेहरा आहे, आणि ती आपल्याकडे पाहत आहे.

याला केवळ नोंद म्हणता येणार नाही. चौकटीत काय घ्यावे आणि काय सोडावे, काळ्या-पांढऱ्याचा तोल कसा राखावा, तिरप्या उन्हात मातीचा पोत कसा उठून दिसतो, याची जाण चित्रकाराची आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बडोद्याच्या आणि इतर काही चित्रकारांनी आपली छायाचित्रे मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘पेंटर्स विथ अ कॅमेरा’ या नावाने मांडली, त्यांत भट्ट होते. छायाचित्राला कलादालनात जागा असू शकते हे त्या काळी सर्वमान्य नव्हते. पुढे अंधारखोलीत त्यांनी अनेक प्रतिमा एकमेकींवर छापण्याचे प्रयोग केले, होलोग्राफीचा प्रयत्न केला आणि उतारवयात संगणकही वापरला. तथापि खेड्यांतील छायाचित्रांत त्यांनी अशी करामत केली नाही. तेथे साधेपणा हीच त्यांची शिस्त राहिली.

या कामाला मर्यादाही आहेत, आणि त्या लपवण्याचे कारण नाही. बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. तांबड्या भिंतीवरील पांढऱ्या मांडण्याला त्यामुळे फारशी बाधा येत नाही. परंतु पिठोरोच्या चित्रातील हिरवे, पिवळे, केशरी घोडे त्यांत राखाडी होऊन जातात. मात्र त्या काळी रंगीत फिल्म महाग होती आणि तिचे रंग कालांतराने विटत. रुप्याच्या क्षारांवर आधारलेली कृष्णधवल निगेटिव्ह नीट धुऊन ठेवली तर कितीतरी अधिक टिकते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्या काळच्या अशा बहुतेक नोंदींप्रमाणे या छायाचित्रांखालीही पुष्कळदा प्रदेशाचे नाव आणि वर्ष आढळते, चित्र काढणारीचे नाव क्वचितच. शहरी कलावंताचे प्रत्येक कागदाचे कपटेही सहीनिशी जपले जातात, आणि भिंतभर चित्र काढणारी स्त्री निनावी राहते, ही विषमता कॅमेऱ्याने एकट्याने दूर होण्यासारखी नव्हती. तिचा चेहरा तरी त्याने राखला.

कागद आणि कॅमेरा

याच वर्षांत लुप्त होऊ पाहणाऱ्या भित्तिचित्रांना वाचवण्याचा आणखी एक मार्ग पुढे आला होता. १९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळातर्फे मुंबईचे कलावंत भास्कर कुलकर्णी मिथिलेत गेले. तेथील स्त्रियांना त्यांनी कागद दिला आणि घराच्या भिंतींवर काढतात तीच चित्रे त्यावर काढण्यास सांगितले. सीतादेवी, गंगादेवी यांसारख्या कलावतींची नावे त्यातूनच देशाला कळली. पुढे ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रांच्या बाबतीतही कुलकर्णी यांनी असेच कार्य केले. जिव्या सोमा मशे यांच्या हातून वारली चित्र लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आले. २०११ साली मशे यांना पद्मश्री देण्यात आली.

दोन मार्गांची तुलना करणे उद्बोधक आहे. कागदाने कलावंताला नाव आणि उत्पन्न दिले. दुष्काळात त्या उत्पन्नाचे मोल किती होते हे सांगण्याची गरज नाही. पण त्याचबरोबर चित्र विधीपासून सुटले, विकत घेणाऱ्याची आवड त्यात शिरली आणि त्याचा आकार चौकटीच्या मापाचा झाला. कॅमेऱ्याने चित्र जागेवरून हलवले नाही. ते कोणासाठी, कोठे, कोणत्या उजेडात काढले होते हे त्याने टिपले. मात्र त्यातून त्या घरात पैसा आला नाही, आणि चित्र काढण्याची क्रियाही त्यामुळे पुढे चालू राहिली असे नाही. एकाने कला चालू ठेवली आणि तिचे रूप बदलले. दुसऱ्याने रूप राखले, पण कला चालू ठेवणे त्याच्या हाती नव्हते. या दोहोंपैकी एकाच मार्गाला योग्य म्हणणे सोपे असले तरी न्याय्य होणार नाही. दोन्ही नोंदी उपलब्ध असल्यामुळेच आज आपल्याला किती बदलले हे मोजता येते.

या मोजण्याचे महत्त्व २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाने प्रत्ययास आणून दिले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि गावेच्या गावे कोसळली. आरशांनी मढवलेल्या मातीच्या कितीतरी भिंती काही क्षणांत ढिगारा झाल्या. नवी घरे बांधली गेली, काही ठिकाणी नक्षीही पुन्हा झाली. परंतु जुन्या भिंती जशा होत्या तशा पाहण्यासाठी आता त्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रांकडेच वळावे लागते.

शिक्षकाचा कॅमेरा

भट्ट १९९२ पर्यंत बडोद्याच्या विद्याशाखेत शिकवत होते, म्हणजे तेहेतीस वर्षे. मातीकामाच्या प्रसिद्ध कलावती ज्योत्स्ना भट्ट या त्यांच्या पत्नी. त्यांनीही त्याच विद्याशाखेत अध्यापन केले. २०२० साली त्यांचे निधन झाले. विद्याशाखा हेच या दांपत्याचे कार्यक्षेत्र राहिले, आणि तिच्याकडेही ज्योती भट्ट यांनी खेड्यांकडे पाहिले त्याच दृष्टीने पाहिले.

त्यांनी शिक्षकांची, विद्यार्थ्यांची, कार्यशाळांची, तेथे तयार होणाऱ्या कलाकृतींची आणि बडोद्यातील जुन्या वास्तूंची सातत्याने छायाचित्रे काढली. विद्याशाखेत भरणाऱ्या कलामेळ्यात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मातीची भांडी, बाहुल्या आणि मुखवटे तयार करून नागरिकांना अल्प किमतीत विकत. मेळा संपला की मांडवही उतरत आणि वस्तूही घरोघर जात. या साऱ्याची चित्रमय नोंद त्यांच्या कॅमेऱ्यात राहिली. बडोद्याच्या आधुनिक कलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला आज या संग्रहाशिवाय पुढे जाता येत नाही.

येथे शिक्षक आणि छायाचित्रकार या दोन भूमिका एकमेकींना मिळतात. कलाशिक्षकाचे मुख्य काम विद्यार्थ्याला हात कसा चालवावा हे सांगण्याचे आहे असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात त्याआधी त्याला पाहण्यास शिकवावे लागते, आणि पाहण्याचे शिक्षण सूत्रांनी देता येत नाही. ते उदाहरणानेच द्यावे लागते. परदेशांतील मोठी संग्रहालये पाहून आलेला शिक्षक सुट्टीत खेड्यात जातो, शेणाने सारवलेल्या भिंतीपुढे तासन् तास घालवतो आणि परतल्यावर ती छायाचित्रे विद्यार्थ्यांपुढे त्याच आदराने मांडतो, तेव्हा कोणती गोष्ट पाहण्यायोग्य आहे याविषयी वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. त्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण लहान गावांतून आलेले असत. ज्या अंगणाची शहरात आल्यावर लाज वाटावी अशी शिकवण त्यांना इतरत्र मिळत होती, ते अंगण अभ्यासाचा विषय आहे हे त्यांना आपल्याच वर्गात समजले.

या कामासाठी भट्ट यांना किंमतही मोजावी लागली. चित्रकाराच्या आयुष्यातील सर्वांत कार्यक्षम वर्षे प्रवासात, फिल्म धुण्यात आणि नोंदी ठेवण्यात गेली. रंगचित्रांना बाजारात जो भाव पुढे आला, तो छायाचित्रांना किंवा मुद्राचित्रांना आला नाही. प्रसिद्धी आली ती उशिरा. बडोद्यातील कलावंतांच्या संग्रहांचे संगणकीय जतन हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने केले, त्यात भट्ट यांच्या संग्रहाचा मोठा वाटा आहे. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२३ साली बंगळूर येथे कला आणि छायाचित्रण यांचे नवे संग्रहालय खुले झाले, तेव्हा त्याच्या प्रारंभीच्या प्रदर्शनांत भट्ट यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन होते.

संग्रहालयाच्या स्वच्छ भिंतीवर, काचेमागे, मांडण्यापुढे उभ्या असलेल्या मुलीचे छायाचित्र टांगले जाते, तेव्हा मूळ चित्र पुसले जाऊन कित्येक दशके झालेली असतात. ती मुलगी आता आजी झाली असेल. तिच्या नातीला मांडणा काढता येतो की नाही, हे छायाचित्र सांगू शकत नाही. मात्र त्या नातीने कधी आजीच्या घराची भिंत कशी होती असे विचारले, तर दाखवण्यासाठी काही शिल्लक आहे. खेड्यातील एका भिंतीपुढे कोणी तरी वेळेवर थांबले होते, म्हणून ते शिल्लक आहे.